बँकेकडे जायच्या आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. वय पंचेचाळीस, ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या व्हिडिओ गेमच्या लायब्ररीत तीनशे गेम, त्यातले निम्मे कधी उघडलेलेही नाहीत, आणि आता एकाच कॉइन पॅकचे (गेममध्ये खर्चायच्या नाण्यांच्या गठ्ठ्याचे) पैसे दोनदा कापले गेले म्हणून बँकेत तक्रार टाकायच्या बेतात आहात. ती तक्रार आज टाकू नका. बाकीचं मग बोलू.

मी नेमकं हेच केलं होतं. दुकानाच्या सपोर्टला लिहायचा कंटाळा, बँकेच्या ॲपमध्ये एक बटण. आठवड्यात पैसे परत आले, मी खूश. दुसऱ्या दिवशी लॉगिन करतो तर अकाउंट बंद! चार्जबॅक, म्हणजे बँकेने दुकानाकडून पैसे परत ओढणं, आला की दुकानाच्या यंत्रणेला तुम्ही चोर दिसता, आणि टाळं त्या एका पॅकला नाही, अख्ख्या लायब्ररीला लागतं. नऊ वर्षांची खरेदी होती माझी.

मग सुरू झाला खरा खेळ. सपोर्ट म्हणे बँकेला तक्रार मागे घ्यायला सांगा. बँक म्हणे प्रकरण निकाली निघालं, आता मागे काय घेणार? सपोर्टकडे तक्रारीचं तिकीट टाकलं की दोन दिवसांनी तोच छापील मजकूर, खाली निराळं नाव, आणि तिकीट बंद. चौदा तिकिटं झाली. चौदा! शेवटी वैतागून परत मिळालेले पैसे पुन्हा भरले, तेव्हा कुठे अडीच महिन्यांनी दार उघडलं. थोडक्यात, चूक त्यांची आणि भुर्दंड मला.

म्हणून आधी दोन-चार दिवस थांबा. पुष्कळदा दुसरी नोंद नुसती होल्ड, म्हणजे तात्पुरती अडवलेली रक्कम असते, आपोआप गळून पडते. नाही गेली तर आधी दुकानाला लिहा, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक आणि स्क्रीनशॉट जोडा. बँक अगदी शेवटी, पण तिथल्या तक्रारीची मुदत उलटू देऊ नका. कार्ड चोरीला गेलं असेल तर मात्र एक मिनिटही न थांबता बँकच गाठा. मी वकील नाही, दुकानागणिक नियम वेगळे, तेव्हा हे वेदवाक्य समजू नका.

मुळात आपण 'विकत घेतलं' म्हणतो तो परवाना असतो. कॅलिफोर्नियाने त्यावर कायदा केला, आणि 2024 पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरताना तसं स्पष्ट लिहून येतं. जीओजी या दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर (गेम बसवायची फाइल) तरी उतरवून स्वतःजवळ ठेवता येतो.

त्या अडीच महिन्यांत एक गंमत कळली. कुलूपबंद लायब्ररीतल्या एकाच गेमची आठवण येत होती. उरलेला वेळ मी जुन्या डिस्कवरून हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3 खेळत होतो, 1999 सालचा. 'एवढा एक टर्न' म्हणत रात्री दोन वाजवायचे, ही सवय तेव्हाही तीच आणि आताही तीच. सेलमध्ये मी गेम घेत नव्हतो, तो खेळायला मिळेल असा रिकामा वेळ घेत होतो. आता नियम एकच: ज्या दिवशी घेतला त्याच दिवशी सुरू करायचा, नाहीतर घ्यायचाच नाही. स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तर परतावा मिळतो. सेलमध्ये घेऊन तसाच ठेवला की ही मुदत झोपेतच उलटते.

कॉइन पॅकबद्दल माझं मत कडवट आहे, आवडलं नाही तर सोडून द्या. वस्तू 800 कॉइनची आणि पॅक 500 किंवा 1000चा, म्हणजे उरलेले 200 तुम्हाला पुन्हा दुकानात ओढतात. 2006 मध्ये ऑब्लिव्हियन या गेमने खेळातल्या घोड्याचं चिलखत विकलं तेव्हा आम्ही टिंगल केली होती. नंतर मीच गेममधल्या पात्रांसाठी टोप्या विकत घेतल्या, काय सांगू.

आणि इझी मोडची, म्हणजे सोप्या पातळीवर खेळण्याची, लाज सोडा. या वयात बोटं विशीतल्या पोरांशी स्पर्धा करत नाहीत. सेलेस्टसारख्या अवघड गेममध्येही असिस्ट मोड (खेळ सोपा करणारी सोय) आहे, तो बनवणाऱ्यांनीच दिलाय. सबटायटल्सचा फाँट मोठा करा, डोळे दुवा देतील.

सपोर्टचं उत्तर आलं की इथे टाका. पहिली ओळ बहुधा मला तोंडपाठ असेल.