चारशेचा आकडा, हिरवे ढग आणि गेलेली लाईट

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास शाळा सुटतात आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी मिक्सर, पंखे, इन्व्हर्टर. या दिवसांत टीव्हीवरचे जुने गेम. अमळनेरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एके काळी सुट्टीभर हे गेम भाड्यानेही जायचे, त्यामुळे या पत्रांना मी आधी हात घालतो. या वेळी तिन्ही पत्रं सुपर मारिओ ब्रदर्सचीच आहेत.

काका, माझा नऊ वर्षांचा मुलगा मोबाइलचं घड्याळ लावून बसला. मारिओच्या पहिल्या लेव्हलला वेळ ४०० दाखवतात, पण तो तीन मिनिटांच्या आतच संपतो. “पप्पा, गेम खोटा आहे,” म्हणून त्याने खेळणं सोडलंय. त्याला काय सांगू? — एक वडील, नंदुरबार

आधी त्याची पाठ थोपटा. माझ्या दुकानात इतकी पोरं येऊन गेली, पण घड्याळ लावून कुणी मोजलं नव्हतं. त्याचं मोजणं बरोबर आहे. तो आकडा सेकंदांचा नाहीच. मूळ जपानी मशीनवर त्यातला एक अंक साधारण ०.४ सेकंदात उतरतो, म्हणजे ४०० अंक दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतात. पडद्यावर नुसतं ‘टाइम’ लिहिलंय, सेकंद असं कुठेच लिहिलेलं नाही. शंभराच्या खाली आकडा गेला की गाणं जोरात पळायला लागतं, तोही इशाराच.

पण ‘खोटा’ हा शब्द माझ्या मनाला लागला, म्हणून थोडं लांबवतो. पोराला शेजारी बसवा आणि पहिली लेव्हल सावकाश खेळा. मारिओ डाव्या टोकाला उभा असतो आणि उजवीकडे सगळी जागा मोकळी. कुठे जायचं ते सांगायला अक्षर लागत नाही. मग समोरून गुंबा नावाचा तो तपकिरी शत्रू चालत येतो. त्याला लागलात तर मेलात, पण लेव्हल नुकतीच सुरू झालेली, गमावण्यासारखं काही नसतं. पुढच्या वेळी हात आपोआप उडीच्या बटणावर जातो. मग प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं. दिसायला ते गुंब्यासारखंच, म्हणजे पोर घाबरून पळणार. ते मशरूम उजवीकडे जातं, पाइपला धडकतं आणि उलटं तुमच्याच अंगावर येतं. वर विटा असल्यामुळे नीट उडीही मारता येत नाही. ते अंगाला लागतं आणि मारिओ मोठा होतो. भीती गेली!

लेव्हलच्या शेवटाकडे दोन जिने समोरासमोर आहेत, मधे साधी जमीन. उडी चुकली तर खाली पडाल, पुन्हा चढाल. त्याच्या लगेच पुढे तसेच दोन जिने, पण मधे खड्डा. आधी बिनधोक सराव दिला आणि मग परीक्षा घेतली. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी १९८५ साली हे रचलं. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना ना जपानी यायचं ना इंग्रजी. घरी अहिराणी बोलणारी ती पोरं अर्ध्या तासात एकमेकांना शिकवायला लागायची. जो गेम आधी दाखवतो आणि मग विचारतो, त्याला मी खोटा म्हणू देणार नाही.

ढग आणि झुडपं सारखीच दिसतात, हा माझा भास आहे का? — एक ताई, धुळे

भास नाही, ताई. चित्र एकच आहे. वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप. अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कित्येक पट जागा खातो. मारिओला मिशी आणि टोपी आहे तीही याच काटकसरीतून, डाँकी काँग या त्याच्या जुन्या गेमपासूनची. तेवढ्याशा ठिपक्यांत तोंड आणि केस काढणं अवघड होतं.

माळ्यावर लहानपणीचा टीव्ही गेम आणि कॅसेट सापडली. आम्ही भाऊ-बहीण मारिओ कधीच संपवू शकलो नाही. पाचव्या-सहाव्या वर्ल्डला पोचलो की लाईट जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. येत्या सुट्टीत बहीण माहेरी येतेय. आता जमेल का? — एक वाचक, चोपडा

जमेल. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. “काका, लाईट गई!” ही आरोळी मी गल्लीत किती वेळा ऐकलीय. त्या कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवायची सोयच नाही, वीज गेली की सगळं पुसलं. तेव्हा टीव्ही आणि गेम दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

चालू करण्याआधी अडॅप्टरवरचं आणि गेमच्या पाठीवरचं अधिक-उण्याचं चिन्ह जुळतंय का बघा. उलटं लागलं तर आतला ७८०५ रेग्युलेटर जळू शकतो, नऊ-दहा व्होल्टचे पाच व्होल्ट तोच करतो. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, पण तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या.

आता रस्ता. १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, शेवटाकडे लिफ्टवरून छताच्या विटांवर चढा आणि बाहेर पडायचा पाइप खाली सोडून पुढे पळत राहा. तिथे तीन पाइप आहेत, त्यातला ४ आकडा लिहिलेला घ्या, तो थेट चौथ्या वर्ल्डला नेतो. ४-२ मध्ये एका साध्या दिसणाऱ्या विटेत वेल आहे. ती शोधायला वेळ जाईल, पण वर गेलात की ८, ७ आणि ६ चे पाइप सापडतात, त्यातला ८ चा घ्या. म्हणजे ३२ लेव्हलऐवजी फक्त आठ खेळायच्या: १-१, १-२, ४-१, ४-२ आणि आठवा वर्ल्ड पूर्ण.

आणि तेव्हा आपल्याकडे कुणालाच माहीत नसलेली गोष्ट: सगळे जीव संपून गेम ओव्हर झाला की सुरुवातीच्या पडद्यावर ए बटण दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. मात्र वीज जाऊ द्यायची नाही.

८-३ मध्ये हातोडे फेकणारे जोडीने येतात, तिथे घाई करू नका. ८-४ हा चक्रव्यूह आहे. योग्य पाइप चुकला की पुन्हा तीच वाट, म्हणून एकाने खेळावं आणि दुसऱ्याने कागदावर पाइप मोजावेत. हे काम बहिणीला द्या. शेवटी पुलावर तो राक्षस उभा असतो. त्याला मारलंच पाहिजे असं नाही, त्याच्या पलीकडची कुऱ्हाड गाठली की पूल कोसळतो.

कुऱ्हाड कुणाच्या हातून लागली, ते मला पत्राने कळवा.