अननस घातला आणि जेली सेटच होईना

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे, म्हणून संत्रं, डाळिंब आणि ताजा अननस घालून साच्यातलं बिनसाखरेचं जिलेटिन सॅलड केलं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही पातळच राहिलं. साखर नसल्यामुळे असं झालं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : साखरेचा यात काही संबंध नाही, घोळ अननसाने घातला. जिलेटिन हे प्राण्यांपासून मिळणारं प्रथिन, आणि ताज्या अननसातलं ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) प्रथिनाचे तुकडे पाडतं. पपई, किवी, ताजं अंजीर यांचीही हीच खोड. अननसाच्या फोडी 5 मिनिटं उकळून गार करून घातल्या, की विकर निकामी होतं.

सहा जणांसाठी 10 ग्रॅम (सपाट मोठा चमचा) साधं जिलेटिन घ्या. तयार जेलीच्या पाकिटात बहुतेक साखरच असते. जिलेटिन 100 मिली गार पाण्यावर भुरभुरवा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. 10 मिनिटांत ते भिजलेल्या बारीक साबुदाण्यासारखं फुगतं. त्यात 300 मिली कडकडीत गरम पाणी घालून दाणा दिसेनासा होईपर्यंत ढवळा, पण गॅसवर उकळू नका, पकड जाते. मग लिंबाचा रस 1 मोठा चमचा आणि चवीपुरतं सुक्रालोज (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ). अ‍ॅस्पार्टेम असेल तर मिश्रण कोमट झाल्यावर, कारण उष्णतेने त्याची गोडी उतरते.

पाण्याऐवजी फळांचा रस नको. 300 मिली संत्र्याच्या रसातच सुमारे 30 ग्रॅम कर्बोदकं जातात, चोथा मात्र नाही. त्यापेक्षा सोललेलं संत्रं 150 ग्रॅम, अननस 100 आणि डाळिंबाचे दाणे 50 ग्रॅम घ्या. वाटणीला जेमतेम 7 ग्रॅम कर्बोदकं येतात.

फळं लगेच टाकलीत तर काही तरंगतील, काही तळाशी बसतील. मिश्रण फ्रीजमध्ये अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं, की निथळलेली फळं मिसळून तेलाचा हात फिरवलेल्या साच्यात ओता. 5-6 तासांनी साचा 5 सेकंद गरम पाण्यात धरून उपडा करा. जास्त धरलात तर कडा वितळल्याच.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. चायना ग्रास चालेल?

उत्तर : चालेल, ते समुद्री शेवाळापासून होतं. ताजा अननसही बिनधास्त घाला, कारण चायना ग्रासमध्ये प्रथिनाची जाळी नसते. 400 मिली पाण्याला 4 ग्रॅम पूड, 2-3 मिनिटं खळखळून उकळा, लिंबू गॅस बंद केल्यावरच. ते फ्रीजबाहेरही 40 अंशांच्या आत गोठतं, म्हणून फळं आधीच चिरलेली हवीत. जिलेटिनसारखं तोंडात विरघळणार नाही, जरा कचकच लागेल.