दोन मॉनिटरवर रंग जुळत नसतील तर
एकच छायाचित्र दोन पडद्यांवर वेगळे दिसू लागले, की लगेच मॉनिटरची बटणे दाबत बसू नका. प्रथम विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये प्रत्येक मॉनिटर स्वतंत्रपणे निवडून त्याला त्याचीच आयसीसी प्रोफाइल (तो मॉनिटर रंग कसे दाखवतो, याची माहिती देणारी फाइल) लावलेली आहे ना, हे तपासा. केबलींची अदलाबदल झाली असेल, तर हे अधिकच आवश्यक आहे. प्रोफाइल बरोबर असूनही विस्तृत रंगपट्ट्याच्या (म्हणजे नेहमीपेक्षा अधिक रंग दाखवू शकणाऱ्या) मॉनिटरवर डेस्कटॉपचे रंग भडक दिसू शकतात, कारण प्रोफाइल वाचण्याचे काम बहुतांशी त्या-त्या सॉफ्टवेअरवर सोपवलेले असते. म्हणून तुलना फोटोशॉपसारख्या, प्रोफाइल पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच करावी. कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजणारे उपकरण) असल्यास नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी विंडोजची सोय) बंद करून दोन्ही पडद्यांसाठी ६५०० केल्व्हिन (पांढऱ्या रंगाची छटा ठरवणारे रंगतापमान) आणि समान उजळपणा हेच लक्ष्य ठेवा. पॅनेल भिन्न असतील, तर थोडा फरक (माझ्या मते तो स्वीकारावाच) उरतो. अशा वेळी रंगांचा निर्णय एकाच मॉनिटरवर घ्यावा.