तपासलंच नाही, तर ‘नाही’ म्हणू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल परवाच वाचला. उत्तर मुद्दाम लांबवलं, कारण त्या रात्री लिहिलं असतं तर नुसती चिडचिड उतरली असती. गाइड म्हणतात, एचआयव्हीचा डेटा तयार आहे, वर्षभरात पेपर होईल, सिस्टिक फायब्रोसिसच्या (सीएफच्या), म्हणजे फुफ्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या त्या आनुवंशिक आजाराच्या, नादी लागू नकोस. आणि तू मला विचारतेस, ‘मॅडम, जो आजार आपल्याकडे नाहीच, त्यावर थीसिस कसा करू?’

हे वाक्य तुझं नाही, पोरी. माझी उमेदीची वर्षं ते ऐकण्यात गेली. नाहीच, हे कुणी पाहिलं? तुमच्या वॉर्डात किती मुलांची स्वेट टेस्ट, म्हणजे घामातलं मीठ मोजायची तपासणी, झाली? जे तपासलंच नाही त्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, ना तुला ना तुझ्या गाइडना.

तू एचआयव्ही आणि सीएफ असे दोन पर्याय समोर ठेवलेस, ते मला मुळातच मान्य नाही. मी दोन्हीकडे काम केलं आणि दोन्हीकडे एकाच वाक्याशी भांडले. 1986 आठव. एड्स हा परदेशातला रोग, आपली संस्कृती वेगळी, असं ठामपणे सांगणारे शहाणे तेव्हाही होते. चेन्नईत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सोलोमन यांची विद्यार्थिनी निर्मला तुझ्यासारखाच थीसिस करत होती. तिनं वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि तपासणीची सोय चेन्नईत नव्हती म्हणून रात्रीच्या गाडीनं वेल्लोरला नेले. त्यात सहा पॉझिटिव्ह निघाले. तिच्या हाती तयार डेटा नव्हता.

तेही लांब वाटत असेल तर आपलं पुणं घे. 1992 मध्ये भोसरीला नारी, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, सुरू झाली. तेव्हा इथे सगळे म्हणायचे, हा प्रश्न बुधवार पेठेपुरता. मग 1997 मध्ये नारीतल्या गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. पुण्यातल्या गुप्तरोग क्लिनिकमध्ये आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांमध्ये 13.6 टक्के बाधित होत्या. बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्यापलीकडे कुणाशी संबंध नसलेल्या. या बायकांना धोका नाही असं सगळ्यांनी धरलं होतं, म्हणून तोवर त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तो पेपर पुन्हा वाच. नुसता गोषवारा नको, पूर्ण वाच.

आता सीएफ. भारतातल्या मुलांच्या नोंदी 1968 पासून छापलेल्या आहेत. तरी आजही चांगले शिकलेले बालरोगतज्ज्ञ ‘गोऱ्यांचा आजार’ म्हणून हात झटकतात. मग ही मुलं जातात कुठे? ती तुमच्याच वॉर्डात आहेत. खोकला हटत नाही, वजन वाढत नाही, एक्स-रे वाईट, की टीबीची औषधं सुरू. दाद मिळाली नाही की पुन्हा टीबीचीच. एचआयव्ही झालेलं मूल आणि सीएफचं मूल शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं तर लांबून फरक कळणार नाही. पण एकाची तपासणी आता सवयीनं होते आणि दुसऱ्याची कुणाला आठवतही नाही.

जुन्नरकडची एक आई होती. आधीची दोन मुलं गेलेली, दोघांच्या कागदांवर न्यूमोनिया. तिसरं मांडीवर. मी वजनाचा तक्ता बघत होते, तेवढ्यात ती म्हणाली, ‘याचा मुका घेतला की मीठ लागतं ओठाला. त्या दोघांचंबी असंच होतं.’ त्या बाळाच्या घामातलं क्लोराइड शंभरच्या वर आलं. साठ गाठलं की सीएफचं निदान होतं. एन्झाइमच्या कॅप्सूल, जास्तीचं मीठ, छातीची फिजिओथेरपी, वेळेवर अँटिबायोटिक, एवढ्यावर ते मूल अंगानं भरलं, पुढे शाळेत गेलं. आधीच्या दोघांची मात्र कुठेच गणती नाही. ते मला अजून सलतं आणि सलत राहील.

तू म्हणशील, जीन टेस्ट पाठवते. पाठव, पण पॅनेल, म्हणजे तपासायच्या जनुकीय दोषांची यादी, कुठलं ते बघून. युरोपीय वंशाच्या रुग्णांमध्ये दहा सदोष जनुकांपैकी साधारण सातांत एफ508डेल हा एकच दोष असतो, आपल्या मुलांमध्ये ते प्रमाण बरंच कमी आहे. सीएफ ज्यामुळे होतो त्या सीएफटीआर जनुकाचे दोन हजारांहून अधिक बदल नोंदलेले आहेत. तिकडच्या मुलांसाठी बनवलेल्या पॅनेलमध्ये आपलं मूल निगेटिव्ह आलं, याचा अर्थ इतकाच की त्या यादीतलं सापडलं नाही. पुन्हा तेच सांगते, तपासलं नाही त्याला ‘नाही’ म्हणू नकोस.

म्हणून आधी घाम. त्वचेवर घाम आणणारं पिलोकार्पिन, पाच मिनिटं सौम्य करंट, मग अर्धा तास फिल्टर पेपरवर घाम गोळा करायचा. कागद चिमट्यानंच उचल, बोटांचं मीठ लागलं तर सगळं वाया. वजन करताना बाटलीचं बूच उघडं राहू देऊ नकोस. पुण्याच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि क्लोराइड खोटं चढतं. घाम 75 मिलिग्रॅमपेक्षा कमी आला तर ‘नॉर्मल’ लिहून मोकळं व्हायचं नाही, मुलाला परत बोलवायचं. एचआयव्हीत आपण हे शिकलोय ना? आईच्या अँटिबॉडी बाळात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून त्याआधी साध्या टेस्टवर निकाल देत नाही, थेट विषाणू शोधणारी पीसीआर मागतो. तिथे काटेकोर आणि इथे अंदाजानं, हे मी चालवून घेणार नाही.

आणि उन्हाळ्यात निस्तेज होऊन आलेलं, सोडियम आणि क्लोराइड दोन्ही खाली गेलेलं बाळ दिसलं तर सलाइन लावून घरी पाठवू नकोस. घामावाटे मीठ गेलेलं सीएफचं बाळ असंच येतं.

‘निदान करून उपयोग काय, औषध परवडणार नाही’ हा तुझ्या गाइडचा दुसरा मुद्दा. खरं आहे, 2019 मध्ये आलेल्या सीएफवरच्या तीन औषधांच्या गोळीची अमेरिकेतली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर होती. पण एचआयव्हीची औषधंही वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होती. 2001 मध्ये सिप्लानं ती 350 डॉलरला देऊ केली आणि 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं ही औषधं (एआरटी) मोफत सुरू केली. हे कशामुळे झालं? रुग्ण मोजले गेले होते, ते स्वतः उभे राहून औषध मागत होते. ज्यांची नोंदच नाही त्यांच्यासाठी कोण भाव पाडेल?

माझ्या बरोबरीचे विभागप्रमुख झाले, मी स्वेट टेस्टच्या टेबलाशीच राहिले. एका समितीनं माझा प्रस्ताव ‘स्थानिक गरज नाही’ असा शेरा मारून परत पाठवला, तेव्हा मी नवा प्रस्ताव न लिहिता पदरचे पैसे घालून यंत्र घेतलं. हट्टापायी हिनं करिअर घालवलं असं लोक म्हणतात, तूही कुणाकडून ऐकलं असशील. मला तसं वाटत नाही. पेपर कमी झाले, हे खरं. पण त्या टेबलावर निदान झालेली मुलं आज स्वतःचं इनहेलेशन स्वतः घेतात, आणि त्यांच्या आया आम्हाला टीबी नव्हता हे डॉक्टरला ठणकावून सांगतात. हे माझ्या बायोडेटात कुठे लिहायचं, ते मला आजही माहीत नाही. तुला पटो न पटो, मी पुन्हा हेच केलं असतं.

तुझी अडचण मला कळते. तीन वर्षांत डिग्री हवी, घरी लोन आहे, गाइडशी वाकडं घेऊन चालणार नाही. मग वाकडं घेऊ नकोस. एचआयव्हीचाच विषय घे, पण तयार डेटावर बसू नकोस. एचआयव्ही निगेटिव्ह आलेल्या आणि तरीही बऱ्या न होणाऱ्या मुलांचं काय झालं, हा प्रश्न घे. त्यांची स्वेट टेस्ट तुझ्या प्रोटोकॉलमध्ये घाल. गाइडना नाही म्हणणं अवघड जाईल. एथिक्स कमिटीचा अर्ज मी तपासून देईन.

गुरुवारी ओपीडी संपली की घरी ये, जेवायलाच ये. येताना गेल्या दोन वर्षांत टीबीच्या औषधांना दाद न दिलेल्या मुलांची यादी आण. प्रत्येकापुढे वजन, एचआयव्हीचा रिपोर्ट, आणि आधीचं भावंड गेलं असल्यास किती महिन्यांचं होतं ते लिही. फाइलमध्ये नसेल तर आईला फोन करून विचार.

तुझी,
मॅडम