‘व्यंगचित्र’ की ‘व्यंग्यचित्र’? आणि वर्तमानपत्रातल्या त्या चार चौकटींना काय म्हणावे?

दादरच्या एका शाळेतील चित्रकला शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा आहे. विद्यार्थ्यांनी काढलेल्या चित्रांच्या प्रदर्शनासाठी रंगाऱ्याने कापडी फलकावर ‘व्यंगचित्र प्रदर्शन’ अशी अक्षरे काढली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संस्कृत शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी ‘व्यंग म्हणजे शारीरिक दोष, तुम्हाला व्यंग्य म्हणायचे आहे’ असे सांगून ‘ग’ला ‘य’ जोडायला लावला. यातले बरोबर काय? आणि त्याच प्रदर्शनातील जी चित्रे वर्तमानपत्रातल्याप्रमाणे तीन-चार चौकटींत एक प्रसंग सांगतात, त्यांना चित्रमालिका म्हणावे, चित्रकथा म्हणावे की चित्रपट्टी?

बाईंनी फलकाचे छायाचित्रही पाठवले आहे आणि ते पाहण्यासारखे आहे. ‘ग’ आणि ‘चि’ यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा होती. रंगाऱ्याने ‘ग’चा काना पांढऱ्या रंगाने पुसला आणि उरलेल्या जागेत एक अंग चोरून उभा असलेला ‘य’ बसवला. मूळ अक्षरे गडद निळी आहेत, हा ‘य’ काळपट आहे, आणि पुसलेला काना पांढऱ्या रंगाखालून अजून दिसतोच आहे.

उत्तर आधी सांगतो : मराठीत ‘व्यंगचित्र’ हेच लिहावे. सहकाऱ्यांनी सांगितलेली व्युत्पत्ती खरी आहे, पण तिच्या आधारे केलेली दुरुस्ती अनावश्यक आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे जरा सविस्तर पाहू.

‘व्यंग’ हा शब्द ‘वि’ आणि ‘अंग’ मिळून झाला. ज्याचे एखादे अंग गेले आहे किंवा उणे आहे तो व्यंग, आणि मराठीत त्या उणेपणालाही व्यंगच म्हणतात. ‘मुलात काही व्यंग नाही ना?’ असे पूर्वी सोयरीक जुळवताना विचारत, ते याच अर्थाने. ‘अव्यंग’ म्हणजे निर्दोष. ‘व्यंग्य’ मात्र वेगळ्या घराण्यातला शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘अञ्ज्’ हा धातू आहे. माखणे आणि उजळ किंवा प्रकट करणे असे त्याचे अर्थ आहेत. त्याला ‘वि’ उपसर्ग लागून ‘व्यंग्य’ म्हणजे ‘जे प्रकट व्हायचे आहे ते’ असा शब्द तयार झाला. या धातूची इतर लेकरे आपल्या घरात रोज वावरत असतात : व्यक्त, व्यक्ती, अभिव्यक्ती, व्यंजन, डोळ्यांत घालायचे अंजन, इतकेच काय, नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटण्यानिशी होणारे अभ्यंगस्नानही. ‘डोळ्यांत अंजन घालणे’ हा वाक्प्रचार चांगल्या राजकीय व्यंगचित्राला इतका चपखल बसतो की, दोघांचे मूळ एकच निघाले याचा मला पहिल्यांदा वाचले तेव्हा फार आनंद झाला होता.

काव्यशास्त्रात या ‘व्यंग्या’ला मोठा मान आहे. शब्दाचा सरळ अर्थ तो वाच्यार्थ आणि शब्दांनी न सांगता सुचवलेला तो व्यंग्यार्थ. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडला, तो या सुचवण्याच्या सामर्थ्यावरच. ‘सूर्य मावळला’ हे त्यातले नेहमीचे उदाहरण. गुराख्याला त्यातून ‘गाई वळव’ असे ऐकू येते, तर चोराला ‘निघायची वेळ झाली’ असे. वाक्य एकच राहते, आणि उरलेले काम ऐकणारा करतो. आर. के. लक्ष्मण यांचा चौकडीच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ आठवून पाहा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीतून तो वर्षानुवर्षे लोकांसमोर आला, वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर आज त्याचा पुतळा आहे, पण चित्रात तो बोलत नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, बायको बोलते. हा फक्त पाहत असतो आणि चित्राचा अर्थ त्याच्या त्या पाहण्यातून निघतो. आनंदवर्धनाला हा माणूस दाखवता आला असता, तर उदाहरणासाठी सूर्य मावळण्याची वाट पाहावी लागली नसती.

तेव्हा ‘सुचवणारे चित्र’ या अर्थाने मूळ समास ‘व्यंग्यचित्र’ असाच होतो, हे सहकाऱ्यांचे म्हणणे मान्य आहे. हिंदीत आजही ‘व्यंग्य’ असे लिहितात. तिथे तो स्वतंत्र साहित्यप्रकार आहे आणि त्याच्या शेजारी ‘व्यंग्यचित्र’ शोभून दिसते. मराठीची गोष्ट निराळी आहे. आपण त्या प्रकारच्या लेखनाला उपहास, उपरोध किंवा विडंबन म्हणतो. ‘व्यंग्य’ हा सुटा शब्द मराठीत काव्यशास्त्राच्या वर्गाबाहेर फारसा कोणी वापरत नाही. समासाचे पहिले पद असे एकाकी पडले की लोक त्याला जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे ओढतात. मराठी माणसाच्या ओळखीचे होते ‘व्यंग’. त्यातच ‘व्यंग्यचित्र’ या उच्चारात दोन यकार, मध्ये अनुस्वार आणि पुढे लगेच ‘त्र’, अशी जिभेची कसरत होती. दुसरा यकार गळला यात नवल नाही.

नुसता उच्चार सोपा झाला म्हणून मी हे रूप मान्य करत नाही, नाहीतर उद्या ‘स्वास्थ’ आणि ‘वैशिष्ट’ यांनाही दार उघडावे लागेल. ‘व्यंगचित्र’ या रूपामागे खुद्द त्या क्षेत्रातल्या माणसांची लेखणी उभी आहे. वसंत सरवटे यांनी या कलेवर मराठीत जितक्या बारकाईने लिहिले तितके क्वचितच कोणी लिहिले असेल, आणि ते ‘व्यंगकला’ असेच लिहीत. 13 ऑगस्ट 1960 रोजी मुंबईत सुरू झालेल्या ‘मार्मिक’ला सारे जण व्यंगचित्र साप्ताहिक म्हणत आले. संमेलने भरतात ती व्यंगचित्रकारांची. गंमत म्हणजे, महाराष्ट्रातल्या व्यंगचित्रकारांच्या संघटनेचे नाव ‘कार्टूनिस्ट्स कंबाइन’ असे आहे, म्हणजे हा वाद त्यांनी एका फटकाऱ्यात निकालात काढला. जो शब्द कलावंत, संपादक आणि वाचक हे तिघेही कित्येक दशके एकाच रूपात लिहितात, त्याचे ते रूप प्रमाण होते. व्युत्पत्तीवरून शब्दाचा जन्म कळतो, पण त्याचा आजचा पत्ता व्यवहारालाच विचारावा लागतो.

शिवाय ‘व्यंग’ आणि ‘व्यंग्य’ यांच्यामधली भिंत वाटते तितकी पक्कीही नाही. आयुर्वेदात चेहऱ्यावर उठणाऱ्या काळसर डागांना ‘व्यंग’ म्हणतात. आपल्याकडे बायका ‘गालावर वांग आले’ असे म्हणतात, तो ‘वांग’ या व्यंगापासूनच आला. या डागवाल्या ‘व्यंगा’ची व्युत्पत्ती मात्र काही कोशकार ‘वि’ आणि ‘अंग’ अशी न देता ‘अञ्ज्’ धातूपासूनच देतात : चेहऱ्यावर जे माखल्यासारखे उमटते ते. म्हणजे यकार नसलेला एक ‘व्यंग’ही त्याच अंजनाच्या कुळातला ठरतो. एवढ्यावरून ‘व्यंगचित्रा’ची व्युत्पत्ती बदलावी असे मी म्हणत नाही, पण ‘य’ नाही म्हणजे अर्थ हमखास शारीरिक दोषाचाच, हे विधान टिकत नाही.

लोकांच्या मनात मात्र या शब्दाची आणखी एक फोड आहे. समाजातल्या व्यंगावर बोट ठेवते ते व्यंगचित्र, असे शाळेच्या निबंधात हमखास लिहिले जाते. व्याकरणाच्या दृष्टीने ही लोकव्युत्पत्ती आहे, पण अर्थाच्या दृष्टीने ती अगदीच परकी नाही. फक्त बोट कशावर ठेवायचे याचे भान हवे. माणसाच्या शरीरातल्या उणिवेची टिंगल करणारे चित्र हे ‘व्यंगाचे चित्र’ आहे, त्याला ‘व्यंगचित्र’ म्हणणे या कलेवर अन्याय आहे. सहकाऱ्यांच्या आक्षेपामागे ही काळजी असेल तर तिचा मला आदर वाटतो, पण ती विद्यार्थ्यांच्या चित्रांत पाहावी लागेल. फलकावरच्या यकाराने ती दूर होणार नाही.

बाईंच्या प्रदर्शनाला ‘व्यंगचित्र’ हे नाव सरसकट लागू आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. निव्वळ हसू आणणारे, कोणावर रोख नसलेले चित्र ते हास्यचित्र. शि. द. फडणीस यांची, खाली मजकुराची ओळ नसलेली रंगीत चित्रे हा त्याचा नमुना. चालू घडामोडीवर मत मांडणारे ते राजकीय व्यंगचित्र. काही जण त्याला भाष्यचित्र म्हणतात आणि तो शब्दही चांगला आहे. एखाद्या व्यक्तीचा चेहरा अतिशयोक्त करून काढला तर ते अर्कचित्र. या शेवटच्या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. यातला ‘अर्क’ म्हणजे संस्कृतातला सूर्य नव्हे, किंवा मारुतीला ज्याच्या पानांची माळ घालतात ती रुईही नव्हे. हा ‘अर्क’ अरबीतून आला. तिथे ‘अरक’ म्हणजे घाम आणि त्यावरून भट्टीत गाळून थेंबाथेंबाने निघालेला रस. ‘तो एक अर्क आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा हाच गाळीव अर्क अभिप्रेत असतो. इंग्रजीतील ‘कॅरिकेचर’ ज्या इटालियन क्रियापदावरून आले त्याचा अर्थ ओझे लादणे, भार वाढवणे असा आहे. म्हणजे इटालियन चित्रकार चेहऱ्यावर काहीतरी चढवतो, आणि मराठी चित्रकार चेहऱ्यातून नको ते उडवून देऊन सत्त्व तेवढे शिल्लक ठेवतो. नाक मोठे काढायचे ते दोघांनाही, पण माझ्या मते मराठी शब्दाने ते का मोठे काढायचे हे अधिक नेमके सांगितले आहे.

‘कार्टून’ या शब्दाची कथा तर याहून अपघाती आहे. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ जाड कागद. भिंतीवर मोठे चित्र रंगवण्याआधी त्या कागदावर पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा काढत, त्या आराखड्यालाच कार्टून म्हणू लागले. 1843 साली लंडनमध्ये संसदेच्या नव्या इमारतीतील भित्तिचित्रांसाठी अशा आराखड्यांचे प्रदर्शन भरले होते. त्याची टर उडवण्यासाठी ‘पंच’ या साप्ताहिकाने आपल्या उपरोधिक चित्राला ‘कार्टून’ असे नाव दिले आणि ते चिकटले ते कायमचेच. मुंबईच्या बोलण्यात मात्र हा शब्द आता वर्तमानपत्र सोडून दूरचित्रवाणीकडे गेला आहे. ‘पोरं कार्टून बघत बसलीत’ म्हणजे हलती चित्रे, आणि ‘तो कार्टून आहे’ म्हणजे विचित्र वागणारा माणूस. (‘कार्टं’ या आपल्या जुन्या लाडक्या शिवीशी त्याचा काडीचा संबंध नाही, कितीही वाटले तरी.) त्यामुळे छापील चित्रासाठी ‘व्यंगचित्र’ हा शब्द आज उलट जास्त नेमका झाला आहे.

आता चौकटींबद्दल. इंग्रजीत ‘स्ट्रिप’ या एकाच शब्दात दोन गोष्टी सामावतात : आज छापून आलेली तीन-चार चौकटींची आडवी पट्टी, आणि तीच पात्रे घेऊन वर्षानुवर्षे चालणारा सगळा उपक्रम. मराठीत दोन शब्द हाताशी आहेत, तर ते वाटून घेणे उत्तम. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 साली पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. तो सर्व मिळून ‘चित्रमालिका’ होय, आणि त्यातला एका दिवसाचा तुकडा ‘चित्रपट्टी’. ‘आजच्या चित्रपट्टीत पप्पू काय म्हणाला?’ हे वाक्य कानाला खटकत नाही. उलट ‘आजची चित्रमालिका’ म्हटले की अलीकडे संध्याकाळी सात वाजता लागणाऱ्या मालिकेचाच भास होतो. ‘चित्रपट्टी’ला ‘चित्रपटा’चा थोडा शेजार आहे खरा, पण वाचणारा गोंधळेल इतका नाही.

‘चित्रकथा’ हा शब्द मात्र इथे वापरू नये. 1967 मध्ये अनंत पै यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने तो शब्द पुस्तकरूपाने पूर्ण गोष्ट सांगणाऱ्या प्रकाराशी बांधून टाकला आहे. त्याच्याही मागे कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा आहे. तिथे ठाकर समाजातले कलावंत एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगत. तिथे कथा लांब, चित्रे अनेक आणि सांगणारा समोर बसलेला. चार चौकटींच्या विनोदाला एवढा मोठा शब्द पेलत नाही. चौकटीतल्या पात्राच्या तोंडून निघणाऱ्या मजकुराच्या गोलाला बहुतेक जण ‘फुगा’ म्हणतात. बाईंनी मुलांना तोच शिकवावा, ‘संवादवर्तुळ’ वगैरे नको.

प्रदर्शनाच्या आतल्या पाट्यांवर ‘हास्यचित्रे’, ‘अर्कचित्रे’ आणि ‘चित्रपट्ट्या’ असे तीन विभाग करता येतील. बाहेरच्या फलकावर ‘व्यंगचित्र प्रदर्शन’ राहू द्यावे आणि रंगाऱ्याला परत बोलावून ‘ग’ला त्याचा काना परत द्यावा. फक्त या वेळी रंग निळाच आणायला सांगावे.