ॲटलिनला यायचं ठरवण्याआधी एकदा फेब्रुवारीत येऊन जा

तुम्ही विचारलंय की कॅनडात ॲटलिनला इलेक्ट्रिशियनचं काम मिळतंय, मिसेस आणि सहा वर्षांची मुलगी सोबत, तर पुण्यातलं सगळं आवरून यावं का. मी नाशिकची, ॲटलिनला तीन हिवाळे काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नकाशा नीट बघा. गाव ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांतात, पार वायव्य टोकाला, पण गाडीने जायचं तर शेजारच्या युकॉन प्रदेशातूनच जावं लागतं. युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्सहून अलास्का हायवेने जेक्स कॉर्नर, तिथून दक्षिणेला साधारण ९५ किमी, सगळे मिळून दोन-सव्वादोन तास. गावात छोटं हेल्थ सेंटर आहे पण हॉस्पिटल, मोठा किराणा सगळं व्हाइटहॉर्सला, आणि तुमचे कागद मात्र बीसीचे. इथेच लोक फसतात. युकॉनच्या नॉमिनी प्रोग्रॅममधून (म्हणजे तिथल्या सरकारने कायम राहण्यासाठी तुमची शिफारस करायची योजना) यायचं तर नोकरी आणि राहणं दोन्ही युकॉनमध्येच लागतं, ॲटलिनचं काम त्यात बसत नाही, एजंट काहीही सांगू दे.

आता इथल्या सोन्याचं. १८९८ मध्ये मिलर आणि मॅक्लॅरेन या दोघांना पाइन क्रीकमध्ये सोनं सापडलं आणि युकॉनमधल्या क्लोंडाइकला सोन्यासाठी निघालेले कित्येक जण तिकडचा नाद सोडून इकडे वळले, हजारोंनी माणसं आली, आज वस्ती काही शेंचीच आहे. अजूनही उन्हाळ्यात ओढ्यांवर मशिनी लावून खडी धुतात. सोनं धुवायचं पसरट भांडं, म्हणजे पॅन, हाताने फिरवायला लोकांसाठी वेगळी जागा आहे, मी पहिल्यांदा फिरवला तेव्हा मला आमच्या सराफ बाजारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आठवले, मनगटाची लय अगदी तीच, पाणी सांडत सांडत शेवटी चिमूटभर काळी वाळू उरते आणि तिच्या कडेला खसखशीएवढा पिवळा कण. अभ्रक उन्हात चमकतो आणि सावलीत विझतो, सोनं दोन्हीकडे तसंच पिवळं राहतं, हे मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं. पण त्या कणांच्या भरवशावर घर चालत नाही, तुमच्या हातात काम आहे हे फार बरं आहे.

वीज त्याच पाइन क्रीकवर होते. टाकू रिव्हर ट्लिंगिट लोकांनी २००९ मध्ये २.१ मेगावॅटचा प्रकल्प सुरू केला, त्याआधी सगळं गाव डिझेल जनरेटरवर होतं. ही भूमी मुळात त्यांची, ॲटलिन हे नावही त्यांच्याच भाषेतल्या 'मोठं तळं' या शब्दांवरून आलंय, आणि ते आहेही तसंच, बीसीतलं सगळ्यात मोठं नैसर्गिक सरोवर. समोर ॲटलिन माउंटन, दक्षिणेच्या टोकाला लुएलिन ग्लेशियर. जुलैमध्ये रात्री अकराला बाहेर बसून पेपर वाचता येतो, फोटो सगळे त्याच दिवसांतले असतात.

डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. पारा उणे तीसला गेला की गाडीचा ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा) प्लगला लावून ठेवायचा, विसरलात तर सकाळी गाडी सुरूच होत नाही. सरपण सप्टेंबरच्या आत रचून झालेलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी ओली लाकडं घेतली, स्टोव्ह नुसता धुमसायचा, शेवटी शेजाऱ्यांनी पिकअपभर सुकी लाकडं आणून टाकली, पैसे घेतले नाहीत. गावाला नगरपालिका नाही, बरीचशी कामं लोकच मिळून करतात, तिथे तुम्हालाही हात लावावा लागेल, आणि त्यातूनच माणसं जोडली जातात.

म्हणून फेब्रुवारीत पंधरा दिवस येऊन राहा, मिसेसना घेऊन. आणि त्या गाडी चालवतात का? नसतील चालवत तर आत्ताच शिकायला सांगा, तुम्ही साइटवर असताना मुलीला ताप भरला तर हेल्थ सेंटरपर्यंत तिला त्यांनाच न्यावं लागेल.