काच समुद्राची, कोंदण आपले

सीहॅम, काउंटी डरहॅम, इंग्लंड
दि. १६ नोव्हेंबर

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. इथल्या किनाऱ्यावर वेचलेल्या काचा तू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवल्या आहेस, त्यांचे चांदीत दागिने करायला शिकावे आणि जमल्यास या नाताळच्या बाजारात ते मांडावेत असे तुझ्या मनात आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तुझ्या दोन प्रश्नांपैकी विक्रीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तिथे चूक झाली तर ती नंतर निस्तरता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर या देशात स्वयंरोजगार करता येत नाही, आणि स्वतः केलेल्या वस्तू बाजारात मांडून विकणे हा स्वयंरोजगारच आहे. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या पदवीधर व्हिसावर मात्र तो करता येतो. तेव्हा या नाताळात काही विकू नकोस. तुझ्या विद्यापीठाच्या व्हिसा-सल्ला कक्षातही एकदा विचारून घे आणि मिळालेला हा काळ पूर्णपणे शिकण्यासाठी वापर. हात बसायला तेवढा वेळ लागतोच.

आता काचेविषयी. तू डब्यात ठेवलेली काच कुठून आली हे तुला नीट ठाऊक असले पाहिजे, कारण उद्या गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारणार आहे. जॉन कँडलिश यांनी १८५३ मध्ये सीहॅमला बाटल्यांचा कारखाना काढला. पुढे तो लंडनडेरी बॉटलवर्क्स या नावाने ओळखला गेला आणि १९२१ मध्ये बंद पडला. त्या अडुसष्ट वर्षांत भट्टीत उरलेली, फुटलेली, बिघडलेली काच सरळ समुद्रात टाकली जात होती. या प्रांताचे काचेशी नाते त्याहूनही पुष्कळ जुने आहे. शेजारच्या संडरलंडमध्ये मंकवेअरमथचा मठ ६७४ मध्ये बांधायला घेतला, तेव्हा बेनेडिक्ट बिस्कप यांनी खिडक्यांच्या काचांसाठी गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, कारागीर आणवले होते. पण तुझ्या डब्यातली काच मुख्यतः त्या बाटल्यांची आहे, आणि कारखाना बंद होऊन शंभराहून अधिक वर्षे झाल्यामुळे त्या काचेत आता नवी भर पडणार नाही. कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅग या गावाने १९०६ ते १९६७ या काळात आपला कचरा समुद्रकाठी टाकला आणि त्यातून तिथला प्रसिद्ध काचेचा किनारा तयार झाला. लोकांनी पिशव्या भरभरून काच नेल्यावर तो विरळ झाला आणि आज तिथल्या राज्य उद्यानाच्या हद्दीतून काच उचलण्यास मनाई आहे. म्हणून माझा नियम असा आहे, आणि तो तूही पाळावास अशी माझी इच्छा आहे, की वाळू उकरायची नाही, जे वर दिसेल तेच घ्यायचे, आणि त्यातलेही ज्याचा दागिना होईल तेवढेच घरी आणायचे.

अस्सल काच ओळखायला डोळ्यांपेक्षा बोट अधिक उपयोगी पडते. समुद्रात दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असल्यामुळे लाटांबरोबर ती काचेला घासत राहते, आणि खारे पाणी काचेतला सोडा व चुना हळूहळू काढून घेते, त्यामुळे पृष्ठभागावर अतिशय बारीक खड्डे पडतात. भिंगातून पाहिलेस तर त्यांत चंद्रकोरीच्या आकाराचे ओरखडे दिसतील. यंत्रात फिरवून किंवा आम्लात बुडवून केलेली नकली काच सगळीकडून सारखीच धुरकट असते. तिच्यावर बोट फिरवले की ते साबणावरून घसरल्यासारखे घसरते, तर समुद्राची काच बोटाला किंचित अडवते. मी सुरुवातीला एका विक्रेत्याकडून सीहॅमची म्हणून पिशवीभर काच विकत घेतली होती. घरी आणून टेबलावर ओतली आणि प्रत्येक तुकड्याच्या कडा अगदी सारख्या गोल दिसल्या, तेव्हा काय झाले ते माझ्या ध्यानात आले. त्या काचेचा एकही दागिना मी केला नाही.

यातूनच मला तुला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. काचेवरचे काम समुद्राने शंभर वर्षे घालवून पुरे केलेले आहे. तिला घासू नकोस, तिची कड सारखी करू नकोस, ओली दिसावी म्हणून तिला तेल लावू नकोस. फार तर एखादे भोक पाडावे लागेल. तेही काच पाण्यात बुडवून, हिऱ्याच्या बारीक टोकाने, सावकाश, म्हणजे काच तापून तडकणार नाही आणि तिची भुकटी श्वासात जाणार नाही. आणि ते भोक आपण पाडले आहे हे सांगून विकावे. तुकडा वाकडा असेल तर कोंदण वाकडे करायचे. शिकायचे आहे ते सगळे चांदीत आहे.

मी हुपरीची आहे हे तुला माहीत आहे. आमच्या गावात घरोघरी चांदीचे काम चाले, आणि पैंजणांच्या कड्या जोडण्याचे काम बायका घरी बसूनच करत. आईजवळ बसून मीही ते शिकले, आणि आज इतक्या वर्षांनंतरही नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. पहिले दोन महिने काचेचा डबा बंद ठेव. चांदीची तार घे, ती सळईभोवती गुंडाळ, करवतीने कापून तिच्या कड्या कर आणि प्रत्येक कडीची दोन टोके अशी जुळव की उजेडासमोर धरल्यावर मधून प्रकाश दिसू नये. जी फट डोळ्यांना दिसते ती झाळून भरत नाही, कारण झाळ, म्हणजे सांधा जोडणारा लवकर वितळणारा धातू, वितळल्यावर जुळलेल्या सांध्यातच खेचली जाते, मोकळ्या जागेत ती गोळा होऊन बसते. शंभर कड्या झाळून त्यांची साखळी केलीस की आच किती हवी, सांधा स्वच्छ राहावा म्हणून लावलेला टाकणखार केव्हा फुगतो आणि केव्हा काचेसारखा निवळतो, झाळ चमकून वाहते तो क्षण कोणता, हे तुला आपोआप कळू लागेल. ते पत्रातून शिकवता येत नाही.

दागिन्यांसाठी आपण जी चांदी वापरतो तिच्यात हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुतेक तांबे असते. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते, पण दागिन्याच्या अंगाला ती मऊ पडते. कोंदणाच्या, म्हणजे काचेभोवती बसून तिला धरून ठेवणाऱ्या, पट्टीला मात्र हाच मऊपणा हवा असतो, म्हणून पट्टी शुद्ध चांदीची घे. तापवल्यावर चांदी काळवंडते ती तिच्यातल्या तांब्यामुळे. ती आम्लात टाकून स्वच्छ करताना लोखंडी चिमटा आत जाऊ देऊ नकोस, नाहीतर तांब्याचा थर चांदीवर येऊन बसतो. तांब्याचा चिमटा वेगळा ठेव.

कोंदणाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझी पहिली मोठी चूक तिथे झाली. आपल्याकडे कुंदनाच्या कामात खड्याखाली चकाकणारा पातळ पत्रा ठेवतात, खडा मागून बंद असतो आणि उजेड त्या पत्र्यावरून परत येतो. तीच पद्धत डोक्यात ठेवून मी एका सुंदर हिरव्या तुकड्यासाठी मागून बंद असलेले पेंडंट केले. चांदीचे काम स्वच्छ झाले होते, पण काच बसवली आणि ती जवळजवळ काळी दिसू लागली. खरखरीत पृष्ठभागामुळे वरून जाणारा उजेड विखुरतो आणि फारच थोडा परत येतो. ही काच उजेड आरपार गेला तरच बोलते. तेव्हापासून मी तळाच्या पत्र्याचा मधला भाग करवतीने कापून काढते आणि काच टेकण्यापुरता दीड-दोन मिलिमीटरचा काठ आत शिल्लक ठेवते. गळ्यात घातल्यावर मागे कापड किंवा त्वचा असतेच, पण दागिना हातात घेऊन खिडकीसमोर धरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते त्या मोकळ्या पाठीमुळे.

या काचेची कड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असते. त्यामुळे पट्टीची उंची सगळीकडे सारखी ठेवून चालत नाही. आधी कागदाची पट्टी काचेभोवती गुंडाळून खूण कर, मग चांदी काप. टोके झाळून झाल्यावर काच आत बसवून पाहा आणि काढून घे. ती अडकू नये म्हणून दातांत फिरवायचा दोरा आधीच खालून आडवा घालून ठेव, म्हणजे तो ओढला की काच वर येते. त्यानंतर पट्टी काठावर झाळणे, साखळीसाठी वरची कडी लावणे, आम्लात टाकणे, कानशीने घासणे आणि उजाळा देणे ही सगळी कामे काच बाजूला ठेवूनच करायची. तापलेल्या चांदीत काच असेल तर ती तडकते. एकदा निघालेली कडी पुन्हा लावताना मी काच न काढताच ज्योत दाखवली, आणि माझ्याकडच्या एकुलत्या एका गडद निळ्या तुकड्याचे माझ्या डोळ्यांदेखत दोन तुकडे झाले. उजाळ्याचा मसालाही काचेला लागू द्यायचा नसतो, कारण तो त्या बारीक खड्ड्यांत शिरून बसतो आणि मग काही केल्या निघत नाही. शेवटी काच ठेवायची आणि पट्टी समोरासमोरच्या बाजूंनी थोडी थोडी आत दाबत जायची. एकाच बाजूने दाबत गेलीस तर सगळा सैलपणा दुसऱ्या टोकाला जमा होतो.

पट्टी किती उंच असावी याचे उत्तर मला एका बाईंनी दिले. काच जास्तीत जास्त दिसावी या हौसेने मी कानातल्यांच्या एका जोडीची पट्टी फार उतरवली होती. काही महिन्यांनी त्या बाई ते कानातले घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या तळहातावर एक रिकामे कोंदण ठेवले. त्या रागावल्या नव्हत्या, त्या हळहळत होत्या. मी पैसे परत केले, पण तशीच काच मला देता आली नाही. आता काच बसवलेला प्रत्येक दागिना मी रुमालावर उलटा धरून झटकते आणि कानाशी नेऊन हलवते. किंचितही खुळखुळ आली तर तो दागिना विकायला जात नाही.

विक्रीचे कायदे थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यानुसार ७.७८ ग्रॅमपेक्षा जास्त चांदी असलेल्या वस्तूवर हॉलमार्क नसेल तर ती चांदीची म्हणून विकता येत नाही. हे वजन धातूचे धरतात, काचेचे नाही. लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिनबरा अशा चार ठिकाणी कसोटी कार्यालये, म्हणजे धातूची शुद्धता तपासून हॉलमार्क मारणारी कार्यालये, आहेत. त्यांपैकी एकाकडे तुझ्या नावाचा शिक्का नोंदवावा लागेल. दागिना काच बसवण्यापूर्वी तिकडे पाठवावा हे उत्तम. हलक्या कानातल्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, तरीही वजन काट्यावर करून वहीत लिहून ठेव. व्यवसायाचे वर्षाचे उत्पन्न १,००० पौंडांवर गेले की करखात्याकडे नोंदणी करावी लागते.

किंमत ठरवताना नवे कारागीर नेहमी एक चूक करतात. काच फुकट मिळाली म्हणून ते दागिना स्वस्त लावतात. थंडीत वाकून घालवलेले तास, न वापरता ठेवून दिलेले तुकडे, वितळून वाया गेलेल्या कड्या आणि गॅस, हे सगळे त्या किमतीत आले पाहिजे. चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून धातूचा हिशेब वेगळा आणि मजुरीचा वेगळा लिही. आणि प्रत्येक दागिन्याबरोबर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी दे: काच कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या महिन्यात सापडली, तिला भोक पाडले आहे की नाही. जे खात्रीने माहीत नाही ते लिहू नकोस. प्रत्येक निळा तुकडा विषाच्या बाटलीचा असल्याच्या गोष्टी बाजारात पुष्कळ ऐकू येतात, आणि गिऱ्हाइकाला त्या आवडतातही, पण तुझ्या चिठ्ठीवर त्या नकोत.

पूर्वेचा वारा दोन दिवस जोरात वाहून गेला की किनाऱ्यावर खडी उलथीपालथी होते आणि दबलेली काच वर येते. तू मालवणची आहेस, भरती-ओहोटी तुला मी शिकवायला नको. पण इथल्या पाण्याला आपल्या पाण्याची ऊब नाही आणि मागचे चुनखडीचे कडे पावसानंतर ढासळतात, म्हणून कड्याच्या पायथ्याशी बसू नकोस आणि पाण्याकडे पाठ करू नकोस. येत्या शनिवारी सकाळी माझ्याकडे ये. येताना सुती कपडे घाल, केस बांधून ये आणि डबा घरीच ठेव. तारेचे एक वेटोळे आणि करवतीची डझनभर पाती मी काढून ठेवली आहेत. पहिल्या दिवशी त्यांतली निम्मी मोडतील, तेवढी मी धरूनच आणली आहेत.

तुझी,
काकू